डावी बाही

मी, ग्वोन ओक-रये, बाप्तिस्म्याचे नाव अनास्तासिया, दिवंगत नाम ग्यू-सिक यांची पत्नी, वय चौऱ्याऐंशी, धंदा आधी मडकी भाजणे आणि नंतर माणसे पोहोचवणे, राहणार जोममाल, उत्तर चुंगचोंग प्रांत, खालचा मजकूर स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. गेल्या साठ वर्षांत तसा प्रयत्न ज्यांनी केला, ते अजून गावात आहेत, त्यांना विचारावे.

माझा मुलगा नाम सांग-हून याने देजॉनहून संगणकावर छापलेला मसुदा आणला होता. "आई, तू फक्त शिक्का मार," म्हणाला. त्यात मला 'उपरोक्त वृद्धा' म्हटले होते. मी त्या कागदांवर मिरच्या वाळत घातल्या. हाताने करायचे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वतःच्या अक्षरात लागते, खाली तारीख, पत्ता, नाव आणि शिक्का लागतो, हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे. या गावातल्या अकरा बायकांना मी लिहायला शिकवले. माझ्यापुरते मलाही येते.

याआधी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी पुष्कळदा केले, बहुतेक स्वयंपाकघरात आणि रागाच्या भरात. ती सगळी याद्वारे रद्द समजावीत.

घर, शेत, मडकी यांची व्यवस्था पुढे येईलच. पण हे लिहायला बसण्याचे खरे कारण माझे कफन आहे. यंदा सहावा महिना अधिक आला. कफन शिवायचे ते अधिक महिन्यातच, अशी आमच्याकडची रीत, आणि पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. एवढा भरवसा मी कुणाला देऊ शकत नाही. म्हणून तागाचे कापड आणून घागरा, कुडते, मोजे, हातमोजे, तोंडावरचे फडके, सगळे मी शिवून ठेवले आहे. फक्त कुडत्याची डावी बाही जोडलेली नाही. ती कापून, घडी करून लाकडी पेटीत सगळ्यांत वर ठेवली आहे. विसरले म्हणून नव्हे. ती कोणी जोडायची आणि का, ते कलम सहा आणि सातमध्ये आहे. माझ्या जिवाला आता तेवढीच एक गोष्ट लागून राहिली आहे.

कलम १. आत्मा ज्याचा आहे त्याच्याकडे जाईल, त्याबद्दल वाद नाही. देह मात्र जोममालचा आहे. तो शहरातल्या दवाखान्याच्या तळघरात, त्या अंत्यविधीच्या दालनात नेऊ नये. तिथली माणसे रबरी हातमोजे घालून अर्ध्या तासात मोकळी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मला आमच्या प्रार्थनाघरात तीन दिवस ठेवावे. मृतांसाठीची प्रार्थना दोन्ही बाजूंनी आलटून पालटून गावी आणि पूर्ण गावी. ज्यांना लवकर घरी जायचे असेल त्यांनी मधली कडवी गाळण्यापेक्षा येऊच नये. येणाऱ्यांना गोमांसाचा तिखट रस्सा आणि गरम भात वाढावा. रस्सा माझ्या अंगणातल्या सोया सॉसचा असावा, दुकानातल्या बाटलीतला नसावा. मी वरून चव बघणार आहे.

कलम २. राहते घर, तीन खोल्या आणि अंगण, मी जोममालच्या अंत्यसेवा मंडळाला देते. जमिनीखालून ऊब खेळवलेली मोठी खोली अधिक महिन्यात कफने शिवण्यासाठी मोकळी ठेवावी. बाकी वेळी तिथे काय वाटेल ते करावे, पत्तेही खेळावेत, मी जिवंतपणी खेळू दिलेच.

या घरात मी १९६१ साली लग्न होऊन आले. माझ्या माहेरी बुद्धाला मानत. नाम घराणे सात पिढ्यांचे ख्रिस्ती. छळाच्या काळात त्यांचे पूर्वज डोंगरात लपले आणि मडकी घडवून पोट भरू लागले. तेव्हापासून हे गाव. लग्न ठरवताना सासूबाईंनी मला स्वयंपाक येतो का, असे विचारलेच नाही. प्रार्थना म्हणून दाखव म्हणाल्या. मी दोनदा अडखळले. त्या म्हणाल्या, "भात करपला तर कुत्रा खाईल. प्रार्थना करपली तर कोण खाईल?" तेवढ्यासाठी मला लग्नाआधी महिनाभर प्रार्थनेच्या पुस्तकाला जुंपले. आज सात पिढ्यांच्या ख्रिस्ती लोकांना कुठले कडवे कुठे येते, ते माझ्याकडे येऊन विचारावे लागते. हे मी अभिमानाने लिहीत आहे. अभिमान हे पाप आहे हे मला माहीत आहे, त्याची कबुली मी दर महिन्याला देते.

सांग-हूनला या कलमाचा राग येईल. त्याच्या मनात इथे कॉफीचे दुकान काढायचे आहे. "आई, इथून डोंगर काय दिसतो." मला तो डोंगर चौसष्ट वर्षे दिसतोय, त्याचे पैसे मी कधी कुणाकडून घेतले नाहीत.

कलम ३. ओढ्यालगतचे भाताचे शेत सांग-हूनला. अंगणातली नऊ मोठी मडकी त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या सुनेला. ती माझ्या नवऱ्याने घडवली आणि मी भाजली. आवा लावल्यावर तीन दिवस तीन रात्री जाळ एकसारखा ठेवणे हे माझे काम होते, आणि नऊपैकी एकालाही चीर नाही. सगळ्यांत कडेच्या मडक्यात सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेला काळा सॉस आहे. दरवर्षी नवा घालून तो वाढवत न्यायचा असतो. सुनेला हे येत नाही आणि विचारायला ती लाजते. म्हणून सगळी कृती मोठ्या अक्षरात लिहून झाकणाखाली ठेवली आहे. तिला सांगावे की ती चांगली मुलगी आहे. मी तिला हे आधी सांगायला हवे होते.

माझी मुलगी सिस्टर बेनेडिक्ता हिने दारिद्र्याचे व्रत घेतले आहे, त्यामुळे तिला काही देता येत नाही. माझा आवाज तिच्याकडे आधीच गेला आहे. अंत्यविधीची प्रार्थना तिने सुरू करावी. सूर जरा खालचा धरावा, म्हाताऱ्या बायकांना वर जाता येत नाही.

कलम ४. प्रार्थनाघराची घंटा. १९७८ साली आम्ही बायकांनी ओढ्यातली वाळू डोक्यावर वाहून हे प्रार्थनाघर बांधले. पुरुष भट्टीवर होते, किंवा तसे सांगत होते. छपरासाठी मदत मिळेना, तेव्हा मी लाल मिरचीच्या चटणीचे मडके मांडीवर घेऊन तीन बस बदलून बिशपांच्या कचेरीत गेले आणि 'छप्पर मिळेपर्यंत बसते' असे सांगून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाले. मडके तिथेच ठेवून आले. उरलेल्या रकमेतून घंटा आणली. पुढे आमच्या प्रार्थनाघराचे अध्यक्ष की ब्योंग-दू यांनी भोंगा बसवला आणि घंटा 'दुरुस्तीला' नेली. ब्योंग-दू, त्याला एकतीस वर्षे झाली. ती तुमच्या गोठ्यात पेंढ्याखाली आहे. तुमच्या गायीने ढुशी दिली की मला माझ्या अंगणात ऐकू येते. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी ती जागेवर लावून तुम्ही स्वतः वाजवावी. म्हणजे आपला हिशोब मिटला आणि तुम्ही भले गृहस्थ आहात, असे मी वर सांगेन.

कलम ५. कात्री, सुयांचा डबा, तांब्याची मोठी परात, फणी, नखे कापायची लहान कात्री आणि मृतांच्या नावांची वही, एवढे सगळे मी बुई थी न्यान हिला देते. न्यान व्हिएतनामची, ब्योंग-दू यांची सून, बाप्तिस्म्याचे नाव मारिया. तिला चौदा वर्षे मी जवळून पाहते आहे. काही जुन्या घरांतल्या बायका म्हणाल्या, "आपल्या माणसाला परका हात?" त्यांना मी विचारले, "तुमच्यापैकी कोण येतंय मग?" कोणी आले नाही. न्यान आली. मेलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून ती आधी नमस्कार करते, मग हात लावते. हे मी तिला शिकवलेले नाही, ती घरून घेऊन आली आहे.

मला सासूबाईंनी शिकवले. १९७२ च्या थंडीत गावाच्या वेशीवर एक फेरीवाली बाई मेली. छातीचा रोग होता, कोणी जवळ जाईना. सासूबाईंनी पदर खोचावा तशी बाही वर केली आणि मला म्हणाल्या, "चल. हात धुता येतात." मी घाबरले होते. बाईच्या पायांना भेगा होत्या, त्यांत माती भरली होती. सासूबाई एकेक भेग कापसाने पुसत होत्या, लहान मुलाला न्हाऊ घालावे तशा. ती वहीतली पहिली. तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते म्हणून 'वेशीवरची बाई' असे लिहिले आहे. आज वहीत तीनशे एकेचाळीस नावे आहेत. त्यांत बौद्ध मठातला म्हातारा राखणदार आहे, कोणावरच विश्वास नसलेले दोन शिक्षक आहेत, माझा नवरा आहे. एकालाही मी घाईने धुतले नाही. एकाच्याही नखांत माती राहू दिली नाही. बाकीचे आयुष्य कसेही मोजा, हे मी चांगले केले.

पण या तीनशे एकेचाळीस वेळा परातीच्या दुसऱ्या बाजूला कोण होते, ते वहीत लिहिलेले नाही. पहिली काही वर्षे सोडली तर दर वेळी माझी धाकटी जाऊ होती, प्यो जोंग-इम, बाप्तिस्म्याचे नाव कोलुम्बा. पाणी तापवले तिने, मान उचलून धरली तिने. नाव माझे झाले. गावोगावी 'अनास्तासियाआजीला बोलवा' असेच म्हणत. मी कधी दुरुस्त केले नाही.

कलम ६. हे कलम माझ्या अंत्यविधीत, रस्सा वाढण्याआधी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे.

कफन शिवताना धाग्याला गाठ मारायची नसते. टोक सैल सोडायचे. गाठ राहिली तर जाणारा अडकतो आणि मागे राहिलेल्यांच्या आयुष्यात गुंता होतो, असे म्हणतात. मागे एक तरुण फादर आले होते, ते म्हणाले, "आजी, ही अंधश्रद्धा आहे. देव गाठ सोडवू शकतो." मी म्हटले, "त्याला काय कामं कमी आहेत, फादर?" मी या बाबतीत किती कडक आहे ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हाताखाली शिवताना रडून घरी गेलेल्या बायकाही आहेत.

१९८४ साली दहावा महिना अधिक आला तेव्हा आम्ही दोघी जावांनी सासूबाईंचे कफन शिवले. कुडते जमिनीवर पसरले होते, आम्ही दोघी त्याच्या खालच्या बाजूला शेजारी शेजारी बसलो होतो, मी उजवीकडे, जोंग-इम डावीकडे. आपापल्या बाजूची बाही जिची तिने जोडली. सासूबाई १९८६ च्या जानेवारीत गेल्या. त्यांना कपडे घालताना मी आतून हात घालून त्यांचा हात बाहीतून ओढून घेतला आणि माझ्या बोटांना गाठ लागली. डाव्या बाहीत. खोलीत वीसेक बायका होत्या. मी थांबले नाही, उलटून पाहिले नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "उजवी बाही माझी. डावी जोंग-इमची. गाठ मारून ठेवलीस, आईला बांधून पाठवतेस?"

जोंग-इम म्हणाली, "मला आठवत नाही मारल्याचं, जाऊबाई."

"हाताला आठवत नसेल. माझ्या बोटाला लागतंय."

तिने पुढचे कपडे माझ्या हातात दिले. त्याच वर्षी शरदात तिचा नवरा, माझा धाकटा दीर ग्यू-चोल, शेतावरून येताना कल्टिव्हेटर उलटून खाली सापडला. जोंग-इम चाळीस वर्षांची होती, दोन मुली पदरात. लोक कुजबुजले की गाठ भोवली. मी कुजबुजले नाही, पण ज्या कुजबुजत होत्या त्यांना गप्पही केले नाही. जोंग-इमने स्वतःच ते खरे मानले. तिने ग्यू-चोलला धुतले, कपडे घातले आणि त्या दिवसापासून कफनाला सुई लावली नाही. माझ्याबरोबर दर वेळी आली, पाणी तापवले, मान धरली, शिवायची वेळ झाली की उठून बाहेर जाऊन बसायची. आमचे बोलणे 'पाणी दे', 'कापूस संपला', एवढेच राहिले. आमच्यातली सगळ्यांत सुबक टीप तिची होती. सासूबाई सांगायच्या. मी हे कधी कुणाजवळ कबूल केले नव्हते.

२०२० साली चौथा महिना अधिक आला. नवा रस्ता दफनभूमीच्या कडेने जाणार होता, सासूबाईंचे थडगे हलवायचे ठरले. मास्क लावायचे दिवस, गावातले कोणी आले नाही. खणणारे दोघे, सांग-हून गाडीत फोनवर, आणि आम्ही दोघी. चौतीस वर्षांत ताग मातीत गेला होता, तागाचा धागाही गेला होता. सासूबाईंची हाडे स्वच्छ होती. डाव्या हाताच्या हाडाशी मात्र एक पिवळसर धागा तसाच्या तसा पडला होता, आणि त्याच्या टोकाला गाठ.

तो नायलॉनचा होता. गावात नायलॉनचा धागा तेव्हा फक्त माझ्या डब्यात होता. मी तो बाजारातून आणून मिरवला होता, हा तुटत नाही म्हणून. त्या दिवशी शिवताना माझा ताग संपला. जोंग-इमकडे भरपूर उरला होता. मागितला असता तर तिने दिला असता. मी मागितला नाही. डब्यातला नायलॉन घेतला. नायलॉन निसटतो, म्हणून माझ्या हाताने सवयीने गाठ मारली असणार. आणि बाजूचे म्हणाल तर, समोर पसरलेल्या कुडत्याची डावी बाही आपल्या उजव्या हाताला येते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मी उजव्या हाताला बसले होते म्हणून माझी बाही उजवी, असे मी चौतीस वर्षे धरून चालले होते.

ती बाही मी जोडली होती. गाठ माझी होती.

जोंग-इमने खाली वाकून तो धागा उचलला, बोटाभोवती गुंडाळला आणि जाकिटाच्या खिशात टाकला. मग म्हणाली, "चला जाऊबाई, ऊन चढतंय." आम्ही हाडे पुसली, कागदावर ओळीने मांडली, नव्या जागी ठेवली. त्यानंतर मी दर रविवारी मिस्साला तिच्याकडे चोरून पाहत असे, आज बोलेल, उद्या बोलेल. ती बोलली नाही. मीही बोलले नाही. फादरांजवळ कबुली दिली, त्यांनी क्षमा केली. ज्या बायकांसमोर मी तिला बोलले होते, त्यांच्यासमोर काही बोलायची मला हिंमत झाली नाही. त्यातल्या सोळा आता वहीत आहेत.

म्हणून लिहून ठेवते: प्यो जोंग-इम हिने सासूबाईंच्या कफनात गाठ मारली नाही. नाम ग्यू-चोल याचा मृत्यू कल्टिव्हेटर उलटल्याने झाला, कोणाच्या सुईने नव्हे. मी खोटे बोलले नव्हते, पण खात्री न करता बोलले, आणि खात्री झाल्यावर गप्प बसले. दुसरे पहिल्यापेक्षा वाईट आहे.

कलम ७. मला धुण्याचे काम प्यो जोंग-इम आणि बुई थी न्यान यांनी करावे, उघड्या हातांनी, सुगंधी पाल्याच्या कोमट पाण्याने. माझ्या कफनाची डावी बाही जोंग-इमने जोडावी. तागाचे रीळ पेटीत बाहीच्या खाली आहे, नवे आहे, कमी पडणार नाही. तिने नाही म्हटले तर तिच्यावर कोणी जोर करू नये आणि दुसऱ्या कोणीही ती बाही जोडू नये. मला तसेच पुरावे, डावा हात उघडा ठेवून. सासूबाई विचारतील तेव्हा काय सांगायचे ते माझे मी बघेन.

या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. म्हणून उद्या, पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, मिस्सा झाल्यावर मी जोंग-इम आणि न्यान यांना घरी बोलावले आहे. मी मेल्यावर गाव ऐकेलच. तिने आधी ऐकावे.

दिनांक १४ ऑगस्ट २०२५, जोममाल.
ग्वोन ओक-रये अनास्तासिया (शिक्का)

पुरवणी, दुसऱ्या दिवशी त्याच हाताने जोडलेली.

काल लिहिलेले सगळे मी दोघींना मोठ्या खोलीत बसवून वाचून दाखवले. घंटेचे कलम ऐकून न्यान हसली आणि म्हणाली, "आजी, ती पेंढ्याखाली नाही, आता गवताच्या मशीनमागे आहे." सहावे कलम वाचताना मी कागदावरून नजर वर केली नाही. जोंग-इमने टरबुजाची फोड खाऊन संपवली, बिया बशीच्या कडेला लावल्या.

"झालं वाचून?" ती म्हणाली.

"झालं."

"पाच वर्षं आणि वर दोन महिने. मला वाटलं होतं दहा लागतील, तुमचा ताठा बघता."

"तुला त्याच दिवशी कळलं होतं ना?"

"नायलॉन कुजत नाही, जाऊबाई. तुम्हीच सगळ्या गावाला दाखवत फिरला होतात. तुटणार नाही, तुटणार नाही. नाही तुटला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने बशी बाजूला सारली. "चौतीस वर्षं मी ह्यांचा जीव ह्या बोटांवर घेऊन फिरले. मी बोलले असते तर बायका म्हणाल्या असत्या, बिचारी विधवा, आता मोठ्या जावेवर ढकलतेय. तुमच्या तोंडून यायला हवं होतं ते. आणि खरं सांगू? दर रविवारी तुम्ही माझ्याकडे चोरून बघायचात, त्याचं मला जरा बरं वाटायचं."

मी म्हटले, "चुकले गं, जोंग-इम." एवढे म्हणायला मला चौऱ्याऐंशी वर्षांची व्हावे लागले. म्हटल्यावर मला रडू आले. ती रडली नाही. तिचे रडून झाले होते, आणि त्या वेळी मी तिच्याजवळ नव्हते.

"तो धागा दे मला," मी म्हटले. "जाळून टाकते."

"तो मी देणार नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून घातलाय. चांगला टिकाऊ आहे." मग तिने पेटी पुढे ओढली, वरची बाही बाजूला ठेवली आणि कुडते बाहेर काढून झटकले. "उठा. हे घाला अंगात."

न्यान म्हणाली, "जिवंतपणी घालतात?"

"अधिक महिन्यात सगळं चालतं. घाला, जाऊबाई."

मी भिंतीला धरून उठले. तिने मला कुडते घातले, मेलेल्या माणसाला घालतो तसेच, आधी एक हात, मग मान, मग खांदा. एक हात तागात आणि एक हात उघडा अशी मी खोलीच्या मध्ये उभी राहिले. ती माझ्यासमोर उभी राहून मला खालीवर न्याहाळत होती.

"आता सांगा. डावी कुठली?"

मी उघडा हात वर केला.

"एक्केचाळीस वर्षांनी बरोबर सांगितलंत," ती म्हणाली.

मग माझ्या अंगातले कुडते उतरवून घेऊन ती खाली बसली आणि सुईत धागा ओवू लागली. चार वेळा चुकली. न्यानने मदतीला हात पुढे केला, तिने त्यावर चापटी मारली. दुपारच्या जेवणाला आम्ही थांबलो नाही. टीप पहिल्यासारखीच बारीक आणि सरळ आहे. मी जोडलेल्या उजव्या बाहीपेक्षा चांगली आहे, हे मी इथे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शेवटी तिने धाग्याचे टोक सैल सोडले.

म्हणून कलम सात यात एवढा बदल करते. बाही जोडून झाली आहे. धुण्याचे काम ठरल्याप्रमाणे दोघींनीच करावे. जोंग-इम माझ्याआधी गेली, तर तिला मी धुवेन आणि तिचे कफन मी शिवेन. ताग वापरेन. कमी पडला तर मागून घेईन. कलम सहा मात्र ठरल्याप्रमाणे सगळ्यांसमोर वाचावे. तिने 'आता कशाला' म्हटले तरी वाचावे.

हे सगळे माझ्या इच्छेने, माझ्या अक्षरात, माझ्या घरात लिहिले. माझे आयुष्य मोठे झाले, भरलेले झाले, आणि त्यात लपवायचे आता काही उरले नाही.

दिनांक १५ ऑगस्ट २०२५, अधिक सहाव्या महिन्याचा बाविसावा दिवस.
जोममाल, उत्तर चुंगचोंग प्रांत.
ग्वोन ओक-रये अनास्तासिया (शिक्का)

साक्षीदार पहिली, स्वतःच्या अक्षरात:
बुई थी न्यान, मारिया. सर्व ऐकले. घंटा मी सासऱ्यांकडून आणवते. (सही)

साक्षीदार दुसरी, स्वतःच्या अक्षरात:
प्यो जोंग-इम, कोलुम्बा. सर्व ऐकले. दोन्ही बाह्या आतून हात घालून तपासल्या. गाठ नाही. (शिक्का)